एक फोन, सतरा पोरं

दारातच एक स्टूल आहे आणि स्टुलावर बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. वर्गात शिरणारं पोरगं चपला बाहेर काढतं, खिशात हात घालतं आणि फोन डब्यात ठेवतं. पत्र्यावर काच आपटल्याचा आवाज पाच वेळा येतो. मी मोजते आहे. पाच फोन, पाचही मुलग्यांचे. एकाच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखी तड गेली आहे, एकाला पाठीमागून चिकटपट्टी लावली आहे. आठ मुली आत येतात. त्यांच्यातल्या एकीचाही हात डब्याकडे जात नाही.

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या रांगेतलं हे गाव. जानेवारीची सकाळ, उन्हाला अजून धग नाही. जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून मी सतरंजीच्या पट्टीवर बसले आहे. वर्गात मोबाइल असावा की नसावा यावर शहरात बसून मी पुष्कळ बोलले आहे. आज नुसतं बघायचं ठरवून आले आहे.

सर हजेरी घेतात. पटावर ३१ नावं, समोर १७ मुलं. जे नाहीत त्यांची नावं सर गाळत नाहीत. नाव घेतात, थांबतात, आणि वर्ग एका सुरात सांगतो, "उसाला!" पुढचं नाव, पुन्हा "उसाला!" एका नावाला "कर्नाटकात!" असं उत्तर येतं, तेव्हा सर मान वर करून विचारतात, "कव्हा गेले?" खिडकीजवळचा मुलगा सांगतो, "मुकादमानं टोळी हलवली, सर. परवाच्याला."

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, माणसं ऊसतोडीला निघतात आणि हा जिल्हा अर्धा रिकामा होतो. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता निघतो कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, नाहीतर सीमेपलीकडे बेळगावकडे. उन्हाळा तोंडावर आला की माणसं परततात. ज्यांना मागे ठेवायला आजी आहे ती मुलं इथे राहतात. ज्यांना नाही, ती आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जातात. डब्यातल्या त्या पाच फोनांचं मूळ इथे आहे. सर मला आधीच सांगून बसले आहेत, "ताई, फोन आणू नका म्हणायला माझी जीभ उचलत नाही. माय तीनशे किलोमीटरवर आहे. पोराच्या खिशातला तो फोन म्हणजे माय आहे. पण तीच माय वर्गात व्हिडिओ दाखवायला लागली की माझा तास गेला." म्हणून हा डबा. सकाळी आत, मधल्या सुट्टीत बाहेर, पुन्हा आत.

फळ्यावर आजचा धडा येतो: समोच्चरेषा.

डब्यात न गेलेला वर्गात एकच फोन आहे, सरांचा. सर भूगोलाचं पुस्तक उघडतात, धड्यावरच्या क्यूआर कोडसमोर फोन धरतात. हे काळे-पांढरे चौकोन आता इतके सवयीचे झाले आहेत, की ते कुठून आले हे मुलांना माहीत नसावं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, पुढे बालभारतीने ते राज्याच्या पुस्तकांत आणले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. १० लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. याच व्यवस्थेतला, अशाच शाळेतला माणूस. म्हणून तो चौकोन पाहिला की मला आजही बरं वाटतं.

पण आत्ता त्या चौकोनातून काही निघत नाही. सरांच्या फोनवर गोल फिरतो आहे, फिरतोच आहे.

"सर, तिसरा गज!" चार-पाच आवाज एकदम.

वर्गाच्या पूर्वेच्या खिडकीला सात गज आहेत. रेंज येते ती डावीकडून तिसऱ्या गजापाशी. सर उठून तिथे जातात, मागोमाग सगळा वर्ग. गोल तरीही फिरतोच. सर क्षणभर विचार करतात, व्हिडिओचा नाद सोडतात आणि नकाशा उघडतात. उपग्रहातून काढलेला फोटो तुकड्या-तुकड्यांनी उमटायला लागतो.

सतरा डोकी एका पंजाएवढ्या काचेवर झुकली आहेत. मी उठून मागे उभी राहते. कुणाची हनुवटी कुणाच्या खांद्यावर आहे, बुटका मुलगा दोघांच्या काखेतून डोकं काढून बघतो आहे. सर बोटांनी चित्र मोठं करतात. करडा माळ, काळसर ठिपके म्हणजे बाभळी, मग एक चौकोनी निळसर तुकडा.

"मव्ही शाळा!" बुटका ओरडतो.

मग जो गलका होतो तो लिहून सांगता यायचा नाही. पाझर तलाव सापडतो, मारुतीचं देऊळ सापडतं, कुणाची विहीर, कुणाचा गोठा. एक मुलगा म्हणतो, "सर, लिंब हाय अजून!" शाळेपुढचा लिंब मागच्या पावसाळ्यात पडला आहे, त्याचं खोड मी येताना पाहिलं. फोटोत मात्र त्याची हिरवी गोल सावली शाबूत आहे. सर सांगतात की हा फोटो आत्ताचा नाही, जुना आहे, उपग्रह रोज फोटो काढून इथे लावत नाही. मुलं ऐकतात, पण लिंबावरून बोट हलत नाही.

या सगळ्यात दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी गप्प आहे. ती फोनकडे बघते, मग गजांतून बाहेर बघते. बाहेर समोरच डोंगर आहे, सकाळच्या उन्हात अर्धा तांबूस, अर्धा सावलीत. पुन्हा फोन, पुन्हा डोंगर.

"सर, ह्याच्यात डोंगर कुठंय? समदं सपाटच दिसायलंय."

सर बोट ठेवून दाखवतात. हा इथे.

"पण उंच कुठं दिसायलाय, सर? भाकरीवानी थापून ठेवलाय नुसता."

खरंच आहे. वरून काढलेल्या फोटोत झाड दिसतं, पत्रा दिसतो, पायवाट दिसते, आणि जी गोष्ट डोळ्यांसमोर सगळ्यात मोठी आहे तिची उंची तेवढी हरवते. समोच्चरेषेच्या धड्याला याहून चांगली सुरुवात कुठल्या पुस्तकाला सुचली असती? फोनने उत्तर दिलं नाही, पण असा प्रश्न उभा केला की तो विचारल्यावाचून पोरीला राहवलं नाही. मोबाइलच्या फायद्याबद्दल बोलताना माहिती मिळते, माहिती मिळते असं आपण घोकत असतो. मला वाटतं, या काचेतून आज वर्गाला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हा प्रश्न आहे.

सरांचे डोळे चमकतात. ते फोन खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवतात आणि दारातून हाक मारतात, "मावशी, एक बटाटा द्या. मोठा. वेडावाकडा असंल तर लई बरं."

खिचडीच्या शेडमधून बटाटा आणि विळी येते. मुलं जमिनीवर गोल करून बसतात. सर बटाटा उभा अर्धा कापतात आणि कापलेली बाजू खाली ठेवतात. झाला डोंगर. या बटाट्याची एक बाजू एकदम उतरलेली आहे, दुसरी लांब निमुळती. आता सर त्याच्या आडव्या चकत्या करतात, सगळ्या सारख्या जाडीच्या. सगळ्यात खालची, सगळ्यात मोठी चकती कागदावर ठेवायची, पेन्सिलीने भोवती रेघ मारायची, चकती उचलायची. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. वेण्यावाली मुलगी रेघा मारते आहे. ओला स्टार्च कागदाला लागतो, पेन्सिल अडखळते, ती फ्रॉकला बोट पुसून पुन्हा धरते.

"एका रेघेवर चाललं तर काय होईल?" सर विचारतात.

"चढ लागायचा न्हाई."

"का?"

"समदीकडं सारखीच उंची हाय."

आणि कट्ट्यावरचा पालथा फोन थरथरतो. एकदा, दोनदा, मग सलग. सर दुर्लक्ष करतात. फोन वाजतो. सर उठतात.

शिक्षकांच्या गटावर निरोप आला आहे, कसली तरी माहिती अर्ध्या तासात भरायची आहे. ती पाठवली नाही तर शाळेचं नाव यादीत लाल रंगात येतं. शिवाय आज खिचडी खाणाऱ्यांचा आकडाही ॲपवर भरायचा राहिला आहे, तो रोजच भरावा लागतो. सर तिसऱ्या गजाशी पाठमोरे उभे राहतात. अंगठा चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. गोल फिरतो आहे.

मी घड्याळाकडे बघते.

दुसऱ्या मिनिटाला एक चकती कुणाच्या तरी तोंडात जाते. तिसऱ्या मिनिटाला दोघांची पेन्सिलीवरून ओढाताण सुरू होते. चौथ्या मिनिटाला पत्र्याच्या डब्यात एक फोन गुरगुरतो, एक मुलगा गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत जातो, डब्यात डोकावतो, सरांच्या पाठीकडे बघतो, हात आत घालतो. त्याच्याभोवती तीन डोकी गोळा होतात. काचेवर कुणीतरी नाचतं आहे, आवाज बंद आहे. मागच्या मुली गप्पांना लागतात. वेण्यावाली मुलगी एकटी उरलेल्या चकत्यांच्या रेघा मारते आहे. शेवटची चकती सापडत नाही, कारण ती खाल्ली गेली आहे. तिथे ती अंदाजाने एक छोटा गोल काढते.

नऊ मिनिटं.

सर वळतात. चेहऱ्यावर ओशाळलेपण आहे, ते माझ्यासाठी असावं, आणि मलाच अवघडल्यासारखं होतं. त्यांचा यात काय दोष? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलं आहे, की लक्ष एकदा उडालं की ते परत अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या वाक्याचा रोख विद्यार्थ्यांच्या फोनवर आहे. मी इथे बघते आहे ते वेगळं आहे. मुलांचे पाच फोन डब्यात मुकाट पडून होते, तास त्यांनी मोडलेला नाही. तास मोडला तो शिकवणाऱ्याला वर्गातून उचलून नेणाऱ्या फोनने, आणि डब्याकडे हात गेला तो त्यानंतर. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर परिसंवाद होतात, बंदीचे ठराव होतात. शाळेच्या वेळेत शिक्षकाच्या फोनवर येणारे हे निरोप बंद करा, असा ठराव मात्र मी आजवर कुठे ऐकलेला नाही. माझं मत विचाराल तर पहिली बंदी तिथे घाला. सकाळी शाळा भरल्यापासून संध्याकाळी सुटेपर्यंत कुणीही वर्गावरच्या शिक्षकाकडे आकडा मागू नये.

सर डब्याकडे जातात. मुलगा फोन परत टाकतो. सर ओरडत नाहीत, डबा उचलून आपल्या टेबलाखाली ठेवतात एवढंच.

"कुठं होतो आपण?"

"रेघेवर," वेण्यावाली म्हणते आणि कागद पुढे करते.

कागदावर एकात एक सहा वेडेवाकडे गोल आहेत. एका बाजूला रेघा दाटीने चिकटून, दुसऱ्या बाजूला ऐसपैस. सर विचारतात, चढायला कुठली बाजू सोपी? मुलं भांडतात. एक म्हणतो दाटीची, कारण "जवळ जवळ हाय." दुसरा त्याला खोडून काढतो, "आरं, जवळ म्हंजी उभा कडा! बटाटा बघ की." उरलेल्या चकत्या पुन्हा एकावर एक रचल्या जातात. कडा कड्यासारखा दिसतो. पहिला मुलगा बराच वेळ बघतो आणि मान डोलावतो.

आता सर फोन पुन्हा हातात घेतात. नकाशाचा प्रकार बदलतात. फोटो जातो, फिकट रंगाचा नकाशा येतो, आणि त्या फिकट रंगावर केसाएवढ्या बारीक रेघा उमटतात, एकात एक, वेड्यावाकड्या.

क्षणभर कुणी बोलत नाही. मग बुटका किंचाळतो, "बटाटा!"

सगळे हसतात, सरही. वेण्यावाली आपला कागद फोनशेजारी धरते. मग गजांतून बाहेरच्या डोंगराकडे बघते. तिचं बोट फोनवरच्या दाट रेघांवर आहे आणि नजर डोंगराच्या त्या बाजूवर, जिथून शेरडंसुद्धा उतरत नाहीत. बोट आणि नजर एकाच जागी आहेत हे तिला कळलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. बटाट्यावाचून त्या रेघा तिला नुसत्या रेघा वाटल्या असत्या. आणि बटाट्याचा हा डोंगर बाहेरच्या डोंगराशी जोडून दिला तो फोनने.

इथे धडा संपायला हवा, पण तो वेगळ्याच वाटेला लागतो.

"सर, मव्हा बाप दिसंल का?"

विचारणारा मुलगा मघाचाच, डब्यात हात घालणारा. सर विचारतात, कुठे आहे? "कडेगावला." सर नकाशा सरकवतात. बीड मागे पडतं, धाराशिव, सोलापूर. करडा रंग हळूहळू हिरवा होत जातो. मुलं रस्त्यावर बोट ठेवून चालली आहेत. ट्रकने हाच रस्ता त्यांच्या आईबापांनी रात्रभर कापला आहे. सांगली जिल्हा येतो, कडेगाव तालुका येतो. हिरव्या चौकोनांची गोधडी. सर म्हणतात, "ह्याच तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथं रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. भोंगा झाला की दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात." २०२२ मध्ये ग्रामसभेने ठरवून हे सुरू झालं, देशभर त्याची बातमी झाली. मुलं ऐकतात. एक जण विचारतो, "आणि कुणाच्या मायचा फोन आला तर?"

सरांना लगेच उत्तर सुचत नाही. मलाही नाही. आईबाप संध्याकाळी घरात आहेत असं धरूनच तो भोंगा वाजतो. तिथे तो शहाणपणाचाच आहे. त्याच शिवारात तोडणी करणाऱ्या माणसांच्या पोरांना मात्र तोच नियम कसा लावायचा?

बाप दिसत नाही, अर्थातच. फोटो जुना आहे हे सर तिसऱ्यांदा सांगतात. पण आता रांग लागली आहे. कुणाला कागल बघायचं आहे, कुणाला अथणी. समोच्चरेषा केव्हाच मागे पडली. मी मनाशी हिशेब करते, की हा वेळ वाया गेला का? परीक्षेच्या बाजूने बघितलं तर गेला. पण गेल्या अर्ध्या तासात या मुलांनी तीन जिल्हे आणि एका राज्याची सीमा ओलांडली, वाटेत जमिनीचा रंग कुठे बदलतो ते पाहिलं, आणि आपल्या करड्या माळावर नाही ते पाणी तिकडे आहे म्हणून आपली माणसं तिकडे आहेत, हे कुणी न सांगता त्यांच्या ध्यानात आलं. बुटक्याने ते बोलूनही दाखवलं, "तिकडं कालवं हायती, सर." भूगोल यापेक्षा वेगळा काय असतो?

मधल्या सुट्टीची घंटा होते. ताटल्यांचा खणखणाट, खिचडीचा वास. सर टेबलाखालून डबा काढून दारात ठेवतात. पाच मुलगे फोन उचलून पांगतात. ओट्यावर बसून खिचडी खाता खाता सर सांगतात, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा ही मुलं अजून लहान होती. वरच्या वर्गांसाठी ऑनलाइन शिकवा असा आदेश आला, आणि अख्ख्या वर्गात मिळून चार स्मार्टफोन निघाले. सर मारुतीच्या पारावर चार-चार मुलांना बसवून शिकवत होते. आता फोन जास्त झाले. उसाला गेलेल्या मुलांना सर रोज संध्याकाळी एक गणित आवाजात पाठवतात. शिक्षण हमी कार्ड सोबत दिलेलं असतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, पण फडापासून शाळा लांब असते. रात्री उशिरा कोपीतून उत्तरं येतात. "एक जण नेमानं पाठवतो," सर म्हणतात. "मागं कुत्रं भुंकताना ऐकू येतं. गणित बरोबर असतं." एवढ्यासाठी का होईना, हे यंत्र त्यांना हवं आहे.

मुलींचं काय, मी विचारते. सर ताटलीत बघत राहतात. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची माहिती आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. या वर्गातल्या मुलींकडे तेवढेही नाहीत. म्हणूनच सरसकट 'फोन आणा' म्हणणाऱ्या शाळेची मला भीती वाटते. ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात दिला, की या आठ मुली शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघणाऱ्या होतील. खिडकीपाशी एका फोनभोवती सतरा डोकी होती तेव्हा त्या मधोमध होत्या, आणि प्रश्न त्यांच्यातलीच एक विचारत होती.

लिंबाच्या खोडावर मघाचा कडेगाववाला मुलगा बसला आहे. त्याचा फोन वाजतो. तो "हां, हां" म्हणतो आणि हाक मारतो, "ए, काकूचा हाय!"

वेण्यावाली ताटली तशीच ठेवून धावते. तो तिचा चुलत भाऊ निघाला. दोघांचे आईबाप एकाच टोळीत आहेत. ती फोन दोन्ही हातांनी कानाला धरते.

"माय... हौ, खाल्ली. खिचडी... नाय, आजी बरीय." मग एकदम घाईने, "माय, तुम्ही कुठं हाय ते बघितलं आम्ही. सरांच्या फोनमधी. ...न्हाई, तू नाय दिसली. जुना फोटू हाय."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं. ती ऐकते आहे, पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढते आहे.

"माय, तिथं डोंगर हाय का गं जवळ? ...हाय? कोणत्या अंगाला? ...थांब, थांब, ठेवू नको."

फोन खांदा आणि कान यांच्यात धरून ती दप्तरातून बटाट्याचा कागद काढते, पालथा करते, मांडीवर ठेवते.

"हां, सांग. कोपीच्या मागं की म्होरं?"

चुलत भाऊ शेजारी येऊन उभा राहतो. आत शाळेची घंटा होते. सर दारात येतात, तो पत्र्याचा डबा त्यांच्या हातात आहे. ते तिच्याकडे बघतात, डबा स्टुलावर ठेवतात आणि काही न बोलता आत जातात. मुलगी कागदावर एक ठिपका काढते, त्याच्या मागे एक वाकडा गोल, त्याच्या आत दुसरा.

"चढ कसाय, माय? उभा हाय का पसरलेला?"